पबचं दार ढकलायला आम्हाला आठ दिवस लागले

गेल्या वर्षी, २०२५ च्या उन्हाळ्यात, दीड महिना आयर्लंडला लेकीकडं राहून आले. तेव्हापासून भेटेल ती बाई पहिला प्रश्न एकच विचारते, "तिकडं खाल्लं काय?" आपल्या सोलापुरातून आता बऱ्याच जणांची पोरं तिकडं गेलीत, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते. डब्लिनची काळजी करू नका, तिथं डोसासुद्धा मिळतो. प्रश्न येतो तो गावाकडं फिरताना.

माझी लेक नर्स आहे. ती राहते बॅलिनास्लोला, गॉलवे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पूर्वेला. ऑक्टोबरात तिथं घोड्यांचा मोठा बाजार भरतो, आपल्या गड्ड्याच्या यात्रेत जनावरांचा भरायचा तसा. तिला सुट्टी मिळाली की जावईबापू गाडी काढायचे आणि मागच्या सीटवर मी आणि वन्सं. वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. माळकरी आहेत, अंड्यालासुद्धा हात लावत नाहीत. मी मटण-मासे सगळं खाते. त्यामुळं दोन्ही बाजूंचं सांगू शकते.

दुसरं म्हणजे सात रस्त्याजवळ आमची खानावळ आहे, सत्तावीस वर्षं झाली. कुठल्याही गावात गेले की चूल कुठं पेटलीय, तव्यावर कोण उभं आहे, हेच मी आधी बघते.

पहिल्याच फेरीत उपाशी राहायची वेळ आली. क्लेअर काउंटीत बरेन म्हणून भाग आहे, मैलोन् मैल नुसता राखाडी चुनखडीचा खडक. तो बघता बघता तीन वाजून गेले. साडेतीनला एका गावात शिरलो तर जिथं जाईल तिथं एकच उत्तर, किचन बंद, साडेपाचला या. बाहेर पाऊस. शेवटी गाडीतच कडक भाकरी मोडली, शेंगा चटणी काढली आणि पाण्याच्या घोटाबरोबर खाल्ली. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, पैसे देतो म्हटलं तरी जेवायला घालत नाहीत, कसली माणसं?" मला मात्र तसं सांगणाऱ्या पोरीचा राग आला नाही. साडेतीनला माझाही तवा उतरतो. चारला कुणी आलं तर मीही "आठला या" म्हणते. भांडी घासायची असतात, कणीक भिजवायची असते, हाताखालच्या बायकांना तासभर पाठ टेकायची असते.

तेव्हा हे पक्कं लक्षात ठेवा. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, फार तर तीन. रात्रीचं साडेपाचपासून आणि साडेआठ-नऊला चूल बंद. जून-जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळं आपल्याला वाटतं अजून संध्याकाळच आहे आणि तेवढ्यात किचन बंद झालेलं असतं. सोमवार-मंगळवारी छोट्या गावातली बरीच हॉटेलं उघडतच नाहीत. आणि कुणी "हाफ वन" म्हणालं तर ते दीड, साडेबारा नव्हे.

पण आमची खरी अडचण वेळेची नव्हती, पबच्या दाराची होती. आपल्याकडं परमिट रूमच्या काळ्या काचेच्या दारातून बाई आत जात नाही. तिकडचा पबही बाहेरून तसाच वाटतो. बारक्या खिडक्या, गडद रंगाचं लाकूड, वर मालकाचं आडनाव रंगवलेलं. वन्संच्या गळ्यात तुळशीची माळ. लेक सांगून दमली, "आई, आत्या, इथं जेवण पबमध्येच मिळतं." आम्ही मान हलवायचो आणि पेट्रोल पंपावरच्या दुकानातून काहीतरी घेऊन यायचो. आठ दिवस असे काढले.

नवव्या दिवशी टिपरेरी काउंटीतल्या एका गावात पावसात उभ्या होतो. समोरून एक बाई आली, कडेवर पोर, मागं काठी टेकत एक आजी, आणि तिघंही सरळ पबात शिरली. वन्संनी माझ्याकडं बघितलं. आम्ही त्यांच्या मागोमाग आत गेलो.

आत धुराचा वासही नाही. २००४ च्या मार्चपासून तिथं पबमध्ये सिगारेट ओढायला बंदी आहे, अख्ख्या देशात अशी बंदी आणणारा तो जगातला पहिला देश. लहान पोरं टेबलाखाली खेळत होती. कायद्यानंच लेकरांना मोठ्या माणसाबरोबर रात्री नऊपर्यंत आणि मे ते सप्टेंबरमध्ये दहापर्यंत बसता येतं. कोपऱ्यात शेगडी, तिच्यात पीट जळत होतं. पीट म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, तिला मातकट गोड वास येतो. दोन म्हातारे पेपर वाचत चहा पीत होते. हो, चहा. गावातला पब म्हणजे पार, खानावळ आणि चहाची टपरी, तिन्ही एका छताखाली. आणि अशा गावात दुपारचं ताजं अन्न बहुतेक वेळा तिथंच शिजतं.

आमच्यापुढं आलं ते भाज्यांचं दाट सूप, वर लोणी लावलेली तपकिरी ब्रेडची दोन जाड कापं. मी एक तुकडा मोडला, सुपात बुडवला, तोंडात घातला. आमटी-भाकरीच. भरड गव्हाची चव, थोडी आंबूस, वर पिवळंजर्द लोणी. तिथल्या गाई बहुतेक वर्ष हिरव्या गवतावर चरतात, म्हणून लोण्याला तो रंग येतो.

मी खानावळवाली आहे असं लेकीनं सांगितल्यावर तिथल्या बाईनं मला थेट आत नेलं. साठीची बाई, माझ्यासारखाच कमरेला टॉवेल खोचलेला. परातीएवढ्या भांड्यात भरड कणीक, थोडं पांढरं पीठ, मीठ आणि खायचा सोडा. मध्ये खळगा करून त्यात ताक ओतलं. खरंखुरं ताक, तिकडं दुकानात पुड्यात मिळतं. बोटं पंजासारखी पसरून दोन-चार वेळा फिरवली की गोळा तयार. मळायचं नाही, झाकून ठेवायचं नाही. ताकातला आंबटपणा सोड्याला लागला की लगेच हवा धरते, थांबलं तर ती निघून जाते, म्हणून तिचे हात झरझर चालत होते. वर सुरीनं खोल फुली मारली म्हणजे मधला भाग कच्चा राहत नाही, आणि भट्टीत सरकवला. पाऊण तासानं काढून उलटा केला आणि बोटाच्या पेरानं बुडावर टकटक केलं. पोकळ आवाज आला की भाजला. भाकरी टम्म फुगली की आपण जशी मान डोलावतो तशी तिनं मान डोलावली.

तिकडचा गहू मऊ, यीस्ट घालून ताणायला फारसा कामाचा नाही. म्हणून १८३० च्या सुमाराला सोडा आला तेव्हा गरिबाघरी हीच भाकरी घरोघर चालू झाली. ओव्हन नव्हते तेव्हा बिडाच्या तीनपायी भांड्यात ठेवून झाकणावर निखारे घालायचे. हे ऐकून मला माझी आजी आठवली, शेणकुटाच्या निखाऱ्यावर पातेलं ठेवून वर निखाऱ्याचं झाकण घालणारी.

आता शाकाहारी मंडळींनी नीट वाचावं. "व्हेजिटेबल सूप" असं लिहिलेलं असलं तरी ते बऱ्याचदा कोंबडीच्या हाडांच्या पाण्यात शिजवतात. आमचं पहिलं सूप नशिबानं भाज्यांच्या पाण्यातलं होतं, नंतर दोन ठिकाणी नव्हतं. म्हणून "स्टॉक कशाचा?" हा प्रश्न तोंडपाठ करा. मेनूत पदार्थापुढं बारीक आकडे असतात, ते ॲलर्जीचे. अशा १४ गोष्टी लेखी सांगणं तिथं कायद्यानं बंधनकारक आहे. त्यात अंडं, मासे, दूध, तीळ, शेंगदाणे कळतात. पण कोंबडी आणि मटण त्या यादीत नाही, ते विचारूनच घ्यावं लागतं. विचारलं तर कुणी तोंड वाकडं करत नाही. मुक्कामाच्या घरी सकाळच्या थाळीत काळी गोल चकती असते, ती पुडिंग नावाची. नाव गोड असलं तरी त्यात डुकराचं रक्त असतं. वन्सं रोज ओटची लापशी, टोस्ट आणि परतलेले मशरूम घ्यायच्या.

६ जुलैला रविवारी आषाढी होती. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर बत्तीस वर्षांत पहिल्यांदा वन्सं पंढरीत नव्हत्या. सकाळपासून बोलल्या नाहीत. आम्ही टिपरेरीतल्या कॅशेलला होतो, खडकावरचा तो जुना किल्ला-देऊळ बघून खाली आलो. पबात पाय ठेवायला जागा नाही. हर्लिंगची, म्हणजे तिथल्या काठी-चेंडूच्या खेळाची, उपांत्य लढत, टिपरेरी विरुद्ध किल्केनी, सगळं गाव निळ्या-पिवळ्या सदऱ्यांत. रविवारी दुपारी तिथं कार्व्हरी असते. काउंटरवर मांसाचे मोठे तुकडे कापून देतात आणि बरोबर बटाटा दोन-तीन प्रकारचा, कुस्करलेला, भाजलेला, उकडलेला. मी लेकीला म्हटलं, हिला सांग, आज तुझ्या आत्याचा उपवास आहे, फक्त बटाटा चालतो. काउंटरवरची पोरगी क्षणभर थांबली, मग आत विचारून आली. भाजलेला नको, बदकाच्या चरबीत भाजलाय. उकडलेला द्यायला हरकत नाही. आणि वेगळी बशी घेऊन सालासकट पाच वाफाळते बटाटे, लोण्याचा गोळा, मीठ. चमचासुद्धा नवा धुऊन आणला. साल तडकलेली, आत पिठासारखा भुसभुशीत. वन्संनी हात जोडले, "विठ्ठला" म्हणाल्या आणि खाल्लं.

शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं लेकीला विचारलं, आजी हात का जोडतात. तिनं सांगितल्यावर तो बटाट्याकडं बोट दाखवून दुष्काळाचं बोलायला लागला. १८४५ ते १८५२, बटाट्यावर करपा पडला, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, आणखी तेवढीच देश सोडून गेली. आणि त्याच काळात धान्य मात्र जहाजांतून बाहेर जात होतं. वन्संना लेक एकेक वाक्य मराठीत सांगत होती. त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, बाहत्तर साली मी दहा वर्षांची होते. आईबरोबर खडी फोडायला जायचे. तांबडी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले." लेकीनं सांगितलं. म्हातारा गप्प झाला. सामना सुरू होईपर्यंत दोघंही एकमेकांकडं बघत बसले होते.

पिण्याचं थोडक्यात. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची, टेबलावर कुणी येईल म्हणून बसून राहू नका. गिनिस नावाची काळी बियर दोन टप्प्यांत ओततात. आधी ग्लास तिरपा धरून पाऊण भरतात, मग तो तसाच ठेवून देतात. आत तपकिरी लाट खाली उतरताना दिसते, ती निवळून काळी झाली की वरून भरतात. सगळे मिळून दोनेक मिनिटं, तोवर घाई करायची नसते. जावईबापू गाडी चालवत होते, म्हणून बिनअल्कोहोलची घ्यायचे. तसं मागायला तिथं कुणी लाजत नाही आणि दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पोलीस सोडत नाहीत. नळाचं पाणी फुकट मिळतं. काउंटरवर टिप द्यायची पद्धत नाही, टेबलावर बसून पूर्ण जेवलात तर शेकडा दहा ठेवा. चहा कडक असतो, किटलीभर येतो, दूध वेगळं. आपल्या माणसांना तो आवडतोच.

केरीमधल्या डिंगलला नक्की जा. फॉक्सी जॉन्स म्हणून पब आहे, एका बाजूला खिळे-हातोड्या-रंगाचे डबे आणि दुसऱ्या बाजूला बार. डिक मॅक्समध्ये चामड्याच्या पट्ट्यांचं दुकान. पूर्वी गावोगाव किराणा, हार्डवेअर आणि पब एकाच घरात असायचा, त्यातले हे टिकलेले. मी तिथं चाऊडर घेतलं, माशांचं दुधातलं दाट सूप. दोन दिवस त्याची चव जिभेवर होती.

पेट्रोल पंपाला नावं ठेवत नाही. डब्लिन-लिमरिक रस्त्यावर मनीगॉलला ओबामांच्या नावाचा मोठा थांबा आहे, त्यांचे पूर्वज त्या गावचे. कुठंही गरम काउंटर असतो, तळलेल्या कोंबडीचा लांब पाव तिथं सगळे खातात. घाईत ठीक. पण त्यासाठी पब सोडू नका.

आमच्या शेजारच्या काकू येत्या आठवड्यात लेकाकडं निघाल्यात, कॉर्कजवळच्या गावात. काल बॅग भरायला मला बोलावलं. कडक भाकरी आणि शेंगा चटणी राहू दिली, पण चटणीच्या डब्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात "शेंगदाणे" लिहिलं, तिकडं त्याची ॲलर्जी फार. तुपाची बरणी आणि पेढ्यांचा पुडा काढून ठेवला. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. काकू तुपासाठी हळहळल्या. मी म्हटलं, तिथलं लोणी खा आणि मग मला फोन करा.