माझा अनुभव : वायर बसली, पण कॅमेरा दिसेना

बाबांच्या हँडीकॅमच्या अकरा मिनी डीव्ही कॅसेट्स कितीतरी वर्षं कपाटात पडून होत्या. २००३ ते २००६ मधल्या. एकीत इंदूरच्या राजवाड्यासमोरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक आहे, दोनांत रामबागेतल्या जुन्या घरचे गणपती आहेत, आणि त्यातच कुठेतरी आजी आहे. आजीचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही. दिवाळीला दादा पुण्याहून येणार होता, त्याआधी सगळं लॅपटॉपवर घ्यायचं मी ठरवलं. आठवड्याचं काम वाटलं होतं. दोन महिने लागले, आणि त्यातला दीड महिना एका चुकीच्या वायरीपायी गेला. तो राग अजून निवळलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

कॅमेरा चालू होता. बॅटरी गेलेली, पण चार्जर लावला की कॅसेट फिरत होती. त्याला एक यूएसबीचं पोर्ट आहे, ते जोडलं तर फक्त मेमरी कार्डावरचे फोटो दिसले. कॅसेटवरचं चित्र बाहेर येतं ते रबराच्या झाकणाखालच्या दुसऱ्या पोर्टमधून. जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं, चार पिनांचं, शेजारी ‘डीव्ही’ लिहिलेलं. हेच फायरवायर, यूएसबीहून वेगळ्या जातीची जोडणी. सोनीवाले त्याला आयलिंक म्हणायचे.

जेल रोडवरच्या एका दुकानात कॅमेराच घेऊन गेले. दुकानदाराने पोर्ट पाहिलं, खणातून एक वायर काढली. एका टोकाला ती बारीक पिन, दुसऱ्या टोकाला यूएसबी. “लगा लो मॅडम, चल जाएगा.” घरी आणली, दोन्हीकडे घट्ट बसली. लॅपटॉपवर काहीच नाही. ना आवाज, ना खूण. परत गेले, त्याने वायर बदलून दिली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हणाला, तुमच्या लॅपटॉपचं पोर्ट जुनं आहे, सी टाइपचा जोड घ्या. तोही घेतला. चौथ्यांदा म्हणाला, कॅमेराच गेलाय. त्या दिवशी मी रडवेली होऊन घरी आले, कारण मलाही ते खरं वाटलं होतं. बाबांना सांगायचं कसं, हाच विचार डोक्यात.

कॅमेरा ठणठणीत होता. आमच्या ओळखीत एक काका आहेत, वर्षानुवर्षं लग्नांची शूटिंग केलेले. त्यांनी वायर हातात घेतली आणि म्हणाले, “ताई, ही आधी फेका. कॅमेऱ्याचं पोर्ट जळलं नाही हे नशीब समजा.” मग त्यांनी जे समजावलं ते दुकानात पहिल्याच दिवशी कुणी सांगायला हवं होतं. यूएसबीत कॉम्प्युटर मालक असतो. तो विचारेल तेव्हाच समोरच्या उपकरणाने बोलायचं. फायरवायरमध्ये दोघं बरोबरीचे. कॅमेरा स्वतःसाठी वेळ राखून घेतो आणि चित्र न थांबता पाठवत राहतो. दोन्हींची बोली वेगळी, आणि त्या वायरीत भाषांतर करणारी चिप नाही, नुसती तांब्याला तांब्याची जोड आहे.

मी तोवर वेगाच्याच मागे लागले होते. फायरवायर १९९५ चं, सेकंदाला ४०० मेगाबिटचं. यूएसबी २.० आलं २००० साली, ४८० मेगाबिटचं. २००८ च्या ३.० मध्ये ५ गिगाबिट, आणि २०१९ च्या यूएसबी ४ मध्ये ४० पर्यंत. मग नव्यात जुनं चालायलाच हवं, असं मला वाटे. पण डीव्ही कॅमेरा सेकंदाला साडेतीन मेगाबाइटच्या, म्हणजे २८ मेगाबिटच्या आसपासच पाठवतो. एवढं यूएसबी २.० लाही सहज झेपलं असतं. वेगाचा प्रश्न कधी नव्हताच.

दादाच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये जादा कार्ड बसवायचा स्लॉट रिकामा होता. अकराशे रुपयांचं फायरवायर कार्ड मागवलं, काकांनी बसवलं. विंडोज १० ला कार्ड दिसलं, कॅमेराही दिसला, पण चित्र अडकत होतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून जुना, नावात ‘लेगसी’ असलेला १३९४ ड्रायव्हर (१३९४ हा फायरवायरचाच क्रमांक, ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) घेतला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो निवडला. त्यानंतर एकदाही अडकलं नाही. थंडरबोल्ट नावाचं वेगवान पोर्ट असलेल्या अ‍ॅपलच्या लॅपटॉपवालेही एकापुढे एक जोड लावून हे करत आले; २०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये मात्र फायरवायरची सोय काढली, आणि तसंही ते फार महाग पडतं.

एक राहिलंच : वायर लावताना कॅमेरा बंद ठेवा. मोठ्या सहा पिनांच्या टोकातून वीज वाहते, ते उलटं घुसवलं तर पोर्ट कायमचं जातं. आणि कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे आणा, इतकी वर्षं पडून फीत चिकटलेली असते. तासाची कॅसेट तासभरच घेते, घाई करता येत नाही. प्रत्येकीची फाइल साधारण १३ जीबीची होते, त्यामुळे फॅट ३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ती जाणारच नाही. तिथे एका फाइलची मर्यादा ४ जीबीची. सगळ्या फाइल्स हार्ड डिस्कवर कॉपी करताना काळ्या, म्हणजे यूएसबी २.० च्या पोर्टवर सव्वा तास दाखवत होता. तीच डिस्क निळ्या, म्हणजे ३.० च्या पोर्टला लावली तर पंचवीस मिनिटांत काम झालं. फोनच्या चार्जरबरोबर आलेली सी टाइपची वायर यासाठी वापरू नका. टोक नवं असलं तरी आत बहुतेकदा यूएसबी २.० च असतं.

आजी सातव्या कॅसेटमध्ये सापडली. देव्हाऱ्यापाशी निरांजनात वात सारखी करत होती. मान वर न करता म्हणाली, “अरे, तो डबा ठेव खाली आणि आरतीला ये.” बाबा शेजारच्या खोलीतून उठून आले आणि उभ्या उभ्याच ऐकत राहिले.

अकरावी कॅसेट बुरशीने खराब झाली आहे, मधली वीस मिनिटं नुसते चौकोन दिसतात. ती काकांकडे साफ करायला दिली आहे. कार्ड अजून डेस्कटॉपमध्येच आहे. रामबागेच्या आसपास कुणाकडे अशा कॅसेट्स असतील तर कॅमेरा आणि त्याचा चार्जर घेऊन या, वायर माझ्याकडे आहे.