तुम्ही विचारलंत म्हणून : बातमी दुसऱ्याची, गिऱ्हाईक आपलं

प्रदर्शनात कोल्हापुरी चपलांचा स्टॉल लावला की कुणी ना कुणी विचारतंच, "प्राडाच्या त्या गदारोळात तुमचं नाव पेपरात कसं आलं? पैसे भरले होते, की ओळख होती?" विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच. कुणी मसाले करतं, कुणी गोधड्या शिवतं, जाहिरातीला पैसा कुणाकडेच नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

पैसे भरले नव्हते आणि ओळखही नव्हती. फोन आला तेव्हा उत्तर तयार होतं, एवढंच.

२२ जून २०२५ ला इटलीत, मिलानमध्ये प्राडा या बड्या फॅशन कंपनीचा शो झाला. मॉडेल्सच्या पायांत सरळसरळ कोल्हापुरी दिसणारी पायताणं होती आणि कोल्हापूरचा उल्लेख कुठेही नव्हता. लोक भडकले. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं कंपनीला पत्र लिहिलं, कंपनीनं प्रेरणा इथली असल्याचं मान्य केलं, आणि जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. मधल्या दिवसांत प्रत्येक पेपरला, प्रत्येक चॅनेलला एकच हवं होतं : कोल्हापुरी म्हणजे काय, हे नीट सांगणारं माणूस.

बातमीदाराला आपल्या मालाशी घेणंदेणं नसतं. त्याला संध्याकाळच्या आत बोलणारं कुणीतरी, एखादा चांगला फोटो आणि खात्रीची माहिती हवी असते. माझ्याकडे एका पानावर सगळं लिहिलेलं होतं. चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. अस्सल जोडाला खिळा नसतो, चामड्याच्याच वादीनं शिवण घालतात. भौगोलिक मानांकन, म्हणजे हे नाव ठरावीक भागात बनलेल्या मालाचंच अशी सरकारी नोंद, २०१९ साली मिळालं, ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून. हे शेवटचं आपल्याकडे बरेच जण गाळतात. मी दरवेळी सांगितलं, कारण अथणी-निपाणीकडच्या कारागिरांचे हातही तितकेच खरे आहेत. एका बातमीदारानं ते पडताळून पाहिलं, आणि पुढच्या बातमीच्या वेळी त्यानं पहिला फोन मला केला.

फोटोही आधीच काढून ठेवलेले होते. दुकानातल्या रांगेचे नव्हेत, तर पट्ट्याची वेणी घालणाऱ्या हातांचे, दिवसाउजेडी, कारागिराच्या घरी विचारून काढलेले. कोल्हापूरच्या सुभाषनगरात जे मामा आमच्यासाठी जोड बांधतात, त्यांच्याशीच बोला असा माझा आग्रह असायचा. कातडं हातात घेऊन ते बोलायला लागले की माझी गरजच उरत नाही.

आता धंद्याचं. जूनअखेर म्हणजे कोल्हापुरात धो धो पाऊस. कातडं वाळत नाही आणि पावसात कोल्हापुरी कुणी घालत नाही. पुष्कळांनी हात झटकले, बिनसीझनची प्रसिद्धी काय कामाची म्हणून. आम्ही गणपती आणि दसऱ्यासाठी आगाऊ नोंदणी घेतली. पुण्याहून, बेंगळुरूहून, परदेशातल्या मराठी घरांतूनही मागणी आली. आमच्यासाठी काम करणाऱ्या दोन कारागीर घरांचे हात जेवढे जोड करू शकतात तेवढे भरले आणि नोंदणी बंद केली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच दिवसांत काहींनी रेक्झिनचा माल कोल्हापुरी म्हणून खपवला. अख्खा देश तुमच्या कलेकडे पाहत असताना नकली जोड गिऱ्हाइकाच्या हाती देणं म्हणजे त्या कारागिरांच्या पोटावर पाय देणं आहे. मला त्याचा आजही राग येतो.

इन्स्टाग्रामवर त्या कंपनीला शिव्या घालणाऱ्या पोस्टही फिरल्या. आम्ही शिवी घातली नाही. जोड कसा बांधतात त्याचा व्हिडिओ टाकला आणि खाली भाव लिहिला. भाव लपवू नका. बातमी वाचून आलेलं गिऱ्हाईक घाईत असतं.

"आमच्यासाठी कुठली प्राडा येणार?" असंही विचारतात. प्रसिद्धी दरवेळी अशी आभाळातून पडत नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष, म्हणजे ज्वारी-बाजरी-नाचणीचं वर्ष असणार, हे संयुक्त राष्ट्रांनी मार्च २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. ओळखीच्या एका बचत गटानं तेवढ्या अवधीत नाचणीच्या पिठाची पाकिटं, लेबल, परवाना सगळं करून घेतलं. ते वर्ष उजाडलं तेव्हा तालुक्याच्या कार्यक्रमांना त्यांनाच बोलावणं येत होतं. तुमच्या मालाला शिवणारी अशी बातमी कुठली येऊ शकते, याचा विचार आजच करून ठेवा, आणि अनोळखी नंबरवरून आलेला फोन उचला.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडानं दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला : साधारण दोन हजार जोड इथल्याच कारागिरांकडून, किंमत आठशे युरोंच्या आसपास. पुन्हा फोन सुरू झाले. या वेळी मी बहुतेकांना मामांच्या मुलाचा नंबर दिला. तो उत्तम बोलतो, आणि आता त्याची स्वतःची ऑर्डरवही आहे.