फ्लॅटच्या भिंतीवर वारली: गेरू कुठे धरतो, कुठे सुटतो

कुडाच्या भिंतीवर गेरू टिकतो, कारण कारवीच्या काटक्यांवर शेणामातीचं लिंपण असतं आणि ते रंग पिऊन घेतं. तांदळाच्या पिठाचा पांढरा त्यावर वर्षानुवर्षं राहावा अशी अपेक्षाही नसते. पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवली जाते. नाशिकच्या गंगापूर रोड किंवा पाथर्डी फाट्याकडच्या नव्या फ्लॅटची भिंत निराळी: प्लास्टर, पुट्टी आणि वर प्लास्टिक पेंट. ती काही पीत नाही. त्यामुळे रेषा तीच ठेवली तरी सामान बदलावं लागतं.

आधी भिंत निवडा. बाथरूमला लागून असलेली नको. पश्चिमेची बाहेरची भिंतही शक्यतो टाळा. नाशिकच्या पावसाचा मारा तिच्यावर असतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये लोणा फुटून पोपडे सुटतात. शंका असेल तर फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. आतून दव धरलं तर त्या भिंतीचा नाद सोडा. दुसरी परीक्षा तळहाताची: हात घासल्यावर पांढरी भुकटी लागली, तर जुना डिस्टेंपर खरवडल्याशिवाय पुढे जाऊ नका. गेरू भुकटीला धरतो आणि भुकटी भिंत सोडते.

सहा फूट बाय चार फूट चौकटीचा हिशोब देतो. चौकटीभोवती मास्किंग टेप लावा, १८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासा, ओल्या फडक्याने पुसा आणि पाण्यात मिसळणाऱ्या प्रायमरचा एक हात द्या. अर्धा किलो गेरू रात्रभर भिजवून सकाळी जुन्या सुती कापडातून गाळा. गाळायचा कंटाळा केला, तर खडे ब्रशखाली येऊन ओरखडे पडतात. भिजलेल्या गेरूत साधारण दीडशे ग्रॅम फेविकॉल घाला, ताकाइतका पातळ करा आणि चार-पाच तासांच्या अंतराने दोन हात द्या. आधी कोपऱ्यात वीतभर लावून बघायचं. वाळल्यावर बोटाला लाल लागला, तर फेविकॉल कमी पडलं. पृष्ठभाग चकाकला तर जास्त झालं, आणि मग वरचा पांढरा घसरतो. एवढा उपद्व्याप नको असेल तर गेरूच्या छटेचा मॅट इमल्शन अर्धा लिटर आणा. पोत थोडा कमी मिळतो, पण पुसता येतो. लहान मुलं असलेल्या घरात मी तोच सुचवीन.

पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ वापरू नका. फ्लॅटमध्ये त्याला पावसाळ्यात बुरशी येते आणि एरवी मुंग्या लागतात. पोस्टर कलरही नको. सगळ्यात जास्त तक्रार असते ती ‘पांढरा गुलाबी पडला’ ही, आणि कारण साधं आहे: पांढऱ्यातलं पाणी खालचा गेरू उकलतं आणि लाल वर चढतो. गेरू पूर्ण चोवीस तास वाळू द्या, ॲक्रिलिक पांढरा साईच्या दुधाइतका दाट ठेवा आणि एका जागी ब्रश दुसऱ्यांदा फिरवू नका. पातळ वाटलं तर वाळल्यावर दुसरा हात. गोल ब्रश तीन नंबरचा अंगासाठी, शून्य नंबरचा हातापायांसाठी.

रेखाटन पेन्सिलने केलं तर शिसं गेरूवर चमकत राहतं, खडू वापरा. माणसं साडेचार इंचांची ठेवा. त्याहून लहान सोफ्याच्या पलीकडून मुंग्यांसारखी दिसतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वरचा थोडा मोठा. गुडघा आणि कोपर वाकले नाहीत तर नाच दिसत नाही, कवायत दिसते.

तारपा या फुंकवाद्याभोवती नाचणाऱ्यांची गुंडाळी हाताने काढली की हमखास अंडाकृती होते. सव्वादोन इंच व्यासाची छोटी डबी चौकटीच्या मधोमध दुहेरी टेपने चिकटवा, तिच्याभोवती दोरा गुंडाळा आणि टोकाला खडू बांधून दोरा ताणून उलगडत फिरा. दोन फेऱ्यांतलं अंतर डबीच्या घेराएवढं, म्हणजे सुमारे सात इंच, आपोआप येतं. चार फूट उंचीत अडीच फेऱ्या मावतात. तारपावाला मध्ये, आणि नाचणाऱ्यांची पाठ त्याच्याकडे नको.

गुंडाळीभोवती सगळी जागा भरायचा मोह आवरा. एक झाड, दोन झोपड्या पुरे. लग्नचौक मात्र सोफ्यामागे काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात पालघाट देवी बसवतात, तो सुवासिनी लग्नासाठी लिहितात. शोभेची चौकट म्हणून त्याचा उपयोग करणं बरं दिसत नाही. हुबेहूब चौकच हवा असेल तर त्र्यंबकच्या पुढे मोखाडा-जव्हारकडे वारली चित्रकार आहेत, त्यांच्याकडून कापडावरचं चित्र घ्या. कागद-कापडावरच्या वारलीला जिव्या सोमा म्हसे यांनी (पद्मश्री, २०११) केव्हाच मान मिळवून दिला आहे.

भाड्याच्या घरात भिंतीऐवजी मांजरपाट. आधी धुऊन खळ काढा, नाहीतर गेरू डागाडागाने बसतो. चौकटीवर ताणूनच रंगवा आणि घडी कधीही घालू नका, घडीवर रंग तडकतो. गुंडाळी करायची तर चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून, जाड नळीवर.

चित्राची खालची कड सोफ्याच्या पाठीपेक्षा आठ इंच तरी वर हवी. टेकलेल्या डोक्यांचं तेल गेरूत एकदा मुरलं की निघत नाही. वरून उजेड पिवळसर द्या, ३००० केल्विनच्या आसपास. पांढऱ्या ट्यूबखाली चांगला गेरूसुद्धा मातकट दिसतो. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका. दिवाळीच्या साफसफाईला येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, ओलं फडकं या भिंतीला लावायचं नाही.