नववा लागला म्हणून बाळ गप्प बसत नाही

परवा ३५ आठवडे पूर्ण झाले, म्हणजे आईच्या हिशोबात नववा लागला. खूप दिवस लिहायचं राहत होतं, पण गेल्या गुरुवारी जे झालं ते लिहायलाच हवं, कारण 'नवव्यात बाळ कमीच हलतं' हे माझ्यासारख्या अजून कितीजणींना सांगितलं जात असणार.

आधी माझं सांगते. रात्री दीडला छातीत जळजळून जाग येते, मग तीन उशा पाठीला लावून बसल्या बसल्याच झोपायचं. आई म्हणते बाळाला जावळ भरपूर असणार. डॉक्टर म्हणाल्या की हॉर्मोन्समुळे जठराच्या तोंडाची झडप सैल पडते आणि गर्भाशय खालून वर दाबत असतं, म्हणून आंबट वर येतं. आता मी आठच्या आत जेवते, थोडा फरक आहे. सकाळी उठलं की उजव्या हाताची बोटं बधिर झालेली असतात, पोह्यांचा कांदा चिरायला सुरी धरवत नाही, कारण मनगटात पाणी साठून नस दाबली जाते. अंगातलं रक्तच जवळजवळ निम्म्याने वाढलेलं असतं या दिवसांत, मग सूज येणारच. अंगठी काढून देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवलीय. मधूनच पोट दगडासारखं कडक होतं, पण पाणी पिऊन कूस बदलली की सैल पडतं, त्या खोट्या कळा. खऱ्या कळा कूस बदलून थांबत नाहीत आणि दोन कळांमधलं अंतर कमी कमी होत जातं.

आणि बाळ! सोनोग्राफीत वजन साधारण २३०० ग्रॅम आलं, डोकं खाली आहे. रोज संध्याकाळी उचक्या लागतात, ओटीपोटात एकाच जागी टिक टिक टिक, दहा दहा मिनिटं, आणि मी हात ठेवून बसून राहते. आता त्याच्या कातडीखाली चरबी भरतेय, माझ्याकडून लोह आणि रोगांशी लढायची ताकद वारेतून त्याच्याकडे जातेय. फुप्फुसात एक द्रव तयार होत असतो, ज्याने श्वास सोडल्यावर आतल्या बारीक पिशव्या एकमेकींना चिकटत नाहीत, तो या आठवड्यांत पुरेसा होत येतो. आमच्या आजी म्हणायच्या, सातव्यातलं मूल जगतं पण आठव्यातलं नाही. तसं काही नसतं, दिवस पूर्ण भरेपर्यंत जितका आठवडा जास्त पोटात तितकं बाळाला चांगलंच.

तर गुरुवार. सकाळपासून घरात पाहुणे, मीही कामात, आणि दुपारी जेवून बसले तेव्हा लक्षात आलं की आज बाळ हललंच नाहीये फारसं. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, नववा लागला ना, आता त्याला हलायला जागा कुठे राहिली?" शेजारच्या काकूही तेच म्हणाल्या. दोघी मायेनेच बोलत होत्या, आणि मलाही ते खरं वाटून घ्यायचं होतं. थोडं खाल्लं, डाव्या कुशीवर पडले, मोबाईल लांब ठेवला आणि मोजायला लागले. दोन तासांत तीन. फक्त तीन. माझे हात गार पडले होते.

डॉक्टरांना फोन केला तर म्हणाल्या, "उद्याची वाट बघू नका, आत्ता निघा." नवरा ऑफिसातून थेट तिकडे आला, मी आणि आई रिक्षाने सिंहगड रोडवरून राजाराम पूल ओलांडून कर्वे रोडला. पुलावर ट्रॅफिक, आणि आई माझा हात धरून काहीच बोलत नव्हती. दवाखान्यात पोटावर दोन पट्टे बांधले, एक ठोक्यांचा आणि एक कळांचा, हातात एक बटण दिलं की बाळ हललं की दाबायचं. तो टकटक टकटक आवाज सुरू झाला आणि मी रडायला लागले. ठोके १४० च्या आसपास होते, ११० ते १६० चालतात. वीसेक मिनिटांनी एक जोरदार ढुशी बसली आणि कागदावरची रेघ वर गेली, बाळ हललं की ठोके असे वाढायलाच हवेत म्हणे. नंतर सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणीही नीट असल्याचं दिसलं.

डॉक्टरांनी समजावलं ते शब्द बदलून लिहिते. शेवटच्या महिन्यात हालचालीची तऱ्हा बदलते, लाथांऐवजी ढकलल्यासारखं, सरकल्यासारखं वाटतं, पण हालचाल कमी व्हायला नको, अगदी कळा सुरू होईपर्यंत. बाळ झोपतं ते बहुतेक वीस ते चाळीस मिनिटं, दीड तासाच्या वर क्वचितच. वार पुढच्या बाजूला असेल तर आधीपासूनच जरा कमी जाणवतं, म्हणून दुसरीच्या बाळाशी तुलना नको, आपलं बाळ रोज कसं हलतं ते आपल्याला माहीत हवं. आणि शेवटी म्हणाल्या, "पुन्हा असं वाटलं तर पुन्हा या, दहा वेळा या." त्या वाक्याचा मला फार आधार वाटला.

अजून एक, डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होणं, बरगडीखाली दुखणं, तोंड एकदम सुजणं हे बीपीचं असू शकतं, आणि तळहात-तळपायांना रात्री सुटणारी खाज लिव्हरची असू शकते, आणि रक्त दिसलं किंवा पाणी गेलं तर विचारतही बसू नका कुणाला, निघा.

आता रोज रात्री नऊला आई दोन वाट्या घेऊन माझ्याजवळ बसते, एका वाटीत दहा शेंगदाणे. हललं की एक इकडून तिकडे. सासूबाईही येऊन बसतात आता, हात माझ्या पोटावर. डॉक्टरांनी दोन तासांत दहा सांगितलेत. काल दहावा शेंगदाणा पडला तेव्हा अठरा मिनिटं झाली होती, आणि सासूबाई म्हणाल्या, "अजून एक टाक गं, आत्ता माझ्या हाताला लागलं."