कोनसेट जातो म्हणतात, मग गाडी घेऊ का?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. घाटंजी-पांढरकवड्याकडच्या गावांत जनावरं तपासायला फिरतो, तेव्हा सोयाबीनचे पैसे हातात आले की मोटरसायकलचा हा प्रश्न हमखास येतो. गोठ्यात इंजेक्शन भरत असतानाच कुणीतरी विचारतं, "डॉक्टर, तुमच्यासारखी गाडी घ्याची हाय. पन तिचा कोनसेट लवकर जाते म्हंतात, चार्जिंगचाबी प्रॉब्लेम हाय म्हंतात. घेऊ का नोको?" कोनसेट म्हणजे हँडलचं बेअरिंग.

माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्या गाडीची दुखणी गावोगावच्या मिस्त्र्यांना पाठ आहेत, ती गाडी घ्यायला हरकत नाही. जी बाजारात येऊन सहा महिनेही झाले नाहीत आणि जिच्यात काहीच प्रॉब्लेम नाही असं शोरूमवाला सांगतो, तिच्यासाठी मात्र थांबा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा तिला दुसऱ्यांच्या हातात काढू द्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि जुलैत पांदण रस्त्यावर चाक फिरत नाही. गाडीत काय कच्चं आहे ते या दोन ऋतूंत बाहेर येतंच.

कच्चा भाग नसलेली गाडी मी तरी पाहिली नाही. फरक पडतो तो दुखण्याच्या जातीने. एक दुखणं नुसता खर्च लावतं, दुसरं तुम्हाला रात्री आठ वाजता दोन गावांच्या मध्ये उभं करतं. एक महिनाभर आधी इशारा देतं, दुसरं देत नाही. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, तो पार्ट तालुक्याला मिळतो, की यवतमाळ नाही तर नागपूरहून मागवावा लागतो? हे शोरूममध्ये कळत नाही. दूध संकलनवाले, बँकेचे वसुलीवाले, कुरिअरची पोरं आपल्याच रस्त्यांवर रोज तीच गाडी चालवतात. त्यांना विचारा, आणि मग तालुक्याच्या मिस्त्रीला विचारा की या गाडीचं सगळ्यात जास्त काय येतं तुमच्याकडे. मी गाडी घेताना हेच केलं. कोनसेट आणि आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा भाग) ही दोन नावं सगळ्यांच्या तोंडी होती. तरीही तीच घेतली, कारण पुढचं मडगार्ड उंच होतं, शॉकअपला चाल भरपूर होती आणि ही दोन्ही दुखणी आपल्या हाताने सांभाळता येण्यासारखी होती.

आधी कोनसेट. हँडल ज्यावर फिरतं ते हे बेअरिंग. वर-खाली दोन ठिकाणी वाट्या असतात आणि त्यांत छर्रे. रस्त्यावर हँडल बहुतेक वेळ सरळच असतं, त्यामुळे खड्ड्याचा प्रत्येक दणका छर्रे वाटीच्या त्याच जागी मारतात. आमच्या मिस्त्रीने एकदा माझ्यासमोर एका गाडीचा कोनसेट उघडला. खालची वाटी चिंधीने पुसून त्याने हातात दिली आणि म्हणाला, "नख फिरवा." नख फिरवलं तर सारख्या अंतरावर बारीक बारीक खळगे लागत होते, आणि प्रत्येक खळग्यात नख अडत होतं. ग्रीस म्हणून जे काही उरलं होतं ते तपकिरी, कोरडं, पाण्याने धुऊन गेलेलं. त्या गाडीचा मालक रोज प्रेशरच्या पाण्याने गाडी धुवायचा आणि पाण्याची धार नेमकी हँडलच्या खाली मारायचा.

घरी तपासायचं असेल तर गाडी मेन स्टँडवर लावा, एकाला मागे दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचलेल. मग एका बोटाने हँडल डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध आल्यावर ते स्वतःहून खटकन बसत असेल, तर वाटीला खळगे पडलेत. शॉकअप खालून धरून पुढे-मागे हलवल्यावर टक-टक आवाज आला तर कोनसेट सैल आहे. सैल असेल तेव्हाच कसून घेतला तर वाटी वाचते. पण आवाज बंद व्हावा म्हणून मिस्त्रीला "आणखी कस" म्हणू नका. जास्त कसलं तर हँडल जड होतं, गाडी सरळ रेषेत चालत नाही आणि बेअरिंग आणखी लवकर जातं.

नवी गाडी घेतली की पहिल्याच सर्व्हिसिंगला कोनसेट उघडून नीट ग्रीस भरून द्या म्हणून सांगा. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पुन्हा. वॉरंटीत वाटी गेली तर कंपनीकडूनच बदलून घ्या. मात्र हा भाग झिजेचा म्हणून वॉरंटीतून वगळलेला असू शकतो, तेव्हा पैसे भरण्याआधी पुस्तिकेतलं ते पान वाचा. वॉरंटी संपल्यावर टेपर रोलर बेअरिंग टाका. त्यात छर्ऱ्यांऐवजी निमुळते रोलर असतात, ते वाटीला एका ठिपक्यावर न टेकता पूर्ण रेघभर टेकतात, म्हणून दणका वाटला जातो. वॉरंटी चालू असताना बाहेरचा पार्ट बसवू नका, पुढे प्रत्येक तक्रारीला तेच कारण ऐकावं लागतं.

आरआर युनिटची मला जास्त काळजी वाटते, कारण ते इशारा फार कमी देतं. मॅग्नेटमधून, म्हणजे इंजिनसोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागातून, येणारा करंट बॅटरीला चालेल असा करायचं काम त्याचं. बऱ्याच गाड्यांत जादा करंट ते उष्णता करून बाहेर टाकतं, म्हणून त्याला वारा लागतो. ते सीटखाली किंवा पत्र्यामागे बसवलेलं असेल, वर आपला उन्हाळा आणि पांदणीवर दुसऱ्या गिअरची चाल असेल, तर ते भाजून निघतं. पूर्वी बॅटरी मेली तर किक मारून घरी येता यायचं. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 हे धुराचे नियम लागू झाल्यापासून जवळपास सगळ्या गाड्यांचा कार्बोरेटर गेला, पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं, आणि अनेक गाड्यांची किकही गेली. आता पेट्रोल ओढणारा पंपच बॅटरीवर चालतो. चार्जिंग बंद पडलं की थोड्या वेळाने इंजिनही बंद.

यावर उपाय साधा आहे. दोन-तीनशे रुपयांत मल्टीमीटर मिळतो, तो घरात ठेवा. गाडी बंद असताना बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. गाडी चालू करून थोडी रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा. पंधराच्या वर जात असेल तर बॅटरी उकळतेय, तेराच्याही खाली राहत असेल तर चार्जिंग होत नाही. महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे. सोबत युनिटचं कनेक्टर ओढून पाहा. पांढरं प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल तर आत पिना तापत आहेत, कनेक्टर तेव्हाच बदला. शोभेचे जादा दिवे लावू नका. आणि घरात कापूस भरलेला असेल तर त्याच खोलीत गाडी ठेवू नका. उंदीर कापसासाठी येतात आणि वायरिंग कुरतडून जातात.

पेट्रोलबद्दलही सांगितलंच पाहिजे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, पंप तेच उचलतो. टाकीच्या झाकणाभोवती पावसाचं पाणी निघून जायला एक बारीक भोक असतं. आपल्या काळ्या धुळीने ते बुजतं आणि मग पाणी झाकणाशी साचून आत झिरपतं. मृगाआधी त्यात बारीक तार घालून ते मोकळं करा. किराणा दुकानातलं बाटलीतलं पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीला शक्यतो नकोच. टाकीही रिझर्व्हच्या खाली नेऊ नका, कारण पंप पेट्रोलातच बुडून थंड राहतो.

बाकीचं थोडक्यात. काळ्या मातीच्या गाऱ्यात चेन साफ करून तेल न देता आठवडा काढला तर चेनसॉकेट (चेन आणि तिची दातेरी चाकं) संपलंच समजा. साधारण 500 किलोमीटरला तेल द्या, चिखलात गाडी गेली तर त्याच दिवशी. कागदी एअर फिल्टर हवा मारून पुन्हा पुन्हा वापरू नका. वणीकडे कोळशाच्या धुळीत फिरणाऱ्यांनी तो पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या आधीच बदलावा. तारांची चाकं असतील तर पहिल्या सर्व्हिसिंगला तारा कसून घ्या, आणि बाभळीच्या काट्यांसाठी एक ट्यूब जवळ असू द्या.

गाडी ताब्यात घेताना हाराफुलांच्या गडबडीत दोन गोष्टी राहून जातात. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 2325 म्हणजे 2025 चा तेविसावा आठवडा. त्यावरून टायर किती दिवस पडून होतं ते कळतं. आणि गाडी कोणत्या महिन्यात बनली ते पैसे भरण्याआधी विचारा, आरसीवर तेच येणार आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. त्यात वाचलेल्या पैशातून थोडे बेअरिंग आणि बॅटरीसाठी बाजूला ठेवा.

वॉरंटीत काही निघालं तर काउंटरवर तोंडी सांगून येऊ नका. जॉबकार्डवर, म्हणजे गाडी सर्व्हिसिंगला देताना भरतात त्या कागदावर, "हँडल मधोमध अडतं" असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या, त्याचा फोटो काढा आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य लिहून घ्या. "जनरल चेकअप" एवढंच लिहिलेल्या कार्डाचा पुढे काही उपयोग होत नाही. शोरूमने टाळाटाळ केली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. त्यानेही भागलं नाही तर 2019 च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे घाटंजीच्या माणसाला यवतमाळच पुरतं. मुदत दोन वर्षांची आहे, तोवर सगळी जॉबकार्डं एका फायलीत असू द्या.