वापसा येईपर्यंत

गाडी चालू होती, पहिला गियर पडलेला होता, रेस दिली की इंजिन ओरडत होतं, आणि मागचं चाक फिरत नव्हतं. घसरत नव्हतं, जागच्या जागी गरगरतही नव्हतं. नुसतं गच्च होतं. खाली उतरून पाहिलं तर टायर, चेन आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) यांच्यामध्ये जी काही मोकळी जागा असते ती सगळी काळ्या मातीनं भरून गेली होती. क्लचचा जळका वास येत होता. आजूबाजूला दोन्हीकडं रान, मध्ये आठ-नऊ फुटांची पाणंद, वर पुन्हा भरून आलेलं आभाळ. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, वस्ती तिथून एक किलोमीटरही नव्हती.

सप्टेंबरातली, मंद्रूपच्या पुढची ही गोष्ट. पण त्याआधीचे तीन महिने सांगितल्याशिवाय ती कळायची नाही.

माझं माहेर दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर. डांबरी रस्त्यावरच्या फाट्यापासून आत दोन किलोमीटर. उन्हाळ्यात, हिवाळ्यात स्कूटी थेट अंगणात जाते. पावसाळ्यात मात्र फाट्यावरच्या चहावाल्याकडं गाडी ठेवायची, चपला हातात घ्यायच्या आणि चालायला लागायचं. मागच्या वर्षी आईला रात्री बरं नव्हतं. मी डांबरीवरून फाट्यावर बिनअडथळा पोचले, आणि तिथून वस्तीवर जायला पाऊण तास लागला. अंधारात, मोबाईलच्या उजेडात. त्या पाऊण तासात मी ठरवलं की चिखलातून गाडी चालवायला शिकायचं.

आमच्या भागात एक गॅरेजवाले आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. तरुणपणी मोटोक्रॉस, म्हणजे मातीतल्या बाईकच्या शर्यती, खेळलेले. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी का, कशाला असं काही विचारलं नाही. "गाडी कुठली घ्यायची ते मी बघतो ताई. तुम्ही आधी बूट घ्या, घोट्याच्या वर येणारे," एवढंच म्हणाले.

खऱ्या डर्ट बाईकला नंबर प्लेट नसते, ती रस्त्यावर आणता येत नाही. टेम्पोत टाकून न्यावी लागते. मला तर डांबरीवरून जाऊन चिखलात शिरायचं होतं. म्हणून जुनी एक्सपल्स घेतली. 2019 पासून बाजारात आलेली ही गाडी आपल्याकडं बऱ्याच जणांची पहिली कच्च्या रस्त्याची गाडी असते. पुढचं चाक 21 इंची, जमिनीपासून पोट 220 मिलिमीटर वर, वजन दीडशे किलोच्या पुढं. उस्तादांनी तिला बटण टायर, म्हणजे मातीत रुतणारे रबराचे गट्टू असलेले टायर, बसवले आणि आरसे काढून ठेवले. पडल्यावर आधी तेच फुटतात.

पहिले धडे हिप्परग्याच्या तलावाच्या अलीकडच्या माळावर झाले. तिथं मुरूम आहे. मुरूम पावसात घट्ट बसतो, चाकाला धरून ठेवतो, त्यामुळं शिकणाऱ्याला तो फार सोसतो. रविवारी सहाला तुळजापूर नाका ओलांडायचा, माळावर पोचलं की टायरमधली हवा 18 पीएसआयवर आणायची. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, दगडावर आपटत नाही, त्याला कवेत घेऊन चढतो. हे मी हाताने दाबून पाहिलं तेव्हा पटलं.

आणि मग उभं राहणं. वीस वर्षं स्कूटीवर बसलेल्या बाईला हे सगळ्यात जड गेलं. फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी दाबून धरायची, कोपरं बाहेर, हँडल सैल. माझे हात सारखे आवळले जायचे. "ताई, हँडलला कशाला लोंबकळायलाव? ते धरायचं नाही, नुसतं हात ठेवायचा. गाडी पायानं धरा की," उस्ताद मागून ओरडायचे. दुसऱ्या रविवारी मांड्या इतक्या दुखल्या की सोमवारी ऑफिसचा जिना चढताना कठडा धरला. तिसऱ्या रविवारी एका ओघळीत गाडी खाली आदळली आणि मला धक्काच बसला नाही; गाडी गुडघ्याखाली वरखाली झाली, मी होते तिथंच राहिले. तो क्षण मला अजून पायात आठवतो.

पडले किती वेळा, मोजलं नाही. पडणंही त्यांनी शिकवलं. गाडी जायला लागली की सोडून द्यायची, पाय खाली घालून अडवायला जायचं नाही. दीडशे किलो पायावर घेतले की गुडघा गेलाच. आणि उचलणं: हँडल एका बाजूला पूर्ण वळवायचं, गाडीकडं पाठ करायची, कुल्ले सीटला टेकवायचे, एका हातानं हँडल, एका हातानं मागचा कॅरियर धरायचा आणि पाठ ताठ ठेवून मागं मागं पावलं टाकत पायांच्या जोरावर गाडी ढकलत उभी करायची. कमरेतून वाकून उचलायला गेलं तर पुरुषालाही उचलत नाही. या पद्धतीनं मी पंचावन्न किलोची बाई ती एकटी उचलते. माझ्या मते पहिल्या दिवशी प्रत्येकाला हेच शिकवावं, रेस-ब्रेक नंतर.

उस्तादांचा एक नियम होता: नान्नजच्या बाजूला चाक न्यायचं नाही. तिकडं माळढोकांचं अभयारण्य आहे, 1979 सालचं. माळढोक घरटं बांधत नाही, उघड्या माळावर जमिनीवरच एक अंडं घालतो, आणि तेही साधारण याच पावसाळ्याच्या दिवसांत. आता तो पक्षी तिथं दिसणंही दुर्मीळ झालंय. "आपल्याला अंडं दिसणार नाही आणि चाकाला तर मुळीच नाही," असं म्हणून ते विषय संपवायचे. माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

ऑगस्टमध्ये काळ्या रानाच्या वाटा सुरू झाल्या. ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या, वीतभर खोल. चाकोरीत शिरलं की नजर आपोआप पुढच्या चाकावर जाते, आणि नजर खाली गेली की चाक काठाला घासतं आणि गाडी आडवी होते. "चाकोरीत बघायचं नाही, चाकोरी जिथं संपती तिथं बघा." दुसरा गियर, रेस एकसारखी, पुढच्या ब्रेकला बोट नाही, वेग कमी करायचा तर मागचा ब्रेक हलकेच. चिखलात मन म्हणतं रेस सोड. सोडली की चाक रुततं. "भिऊन रेस सोडलाव की पडलाव बघा." भीती वाटत असताना हात स्थिर ठेवणं हे मी महिनाभर शिकत होते.

सप्टेंबरात, उत्तरा नक्षत्रात, उस्ताद म्हणाले की आता लांब जाऊ. हत्तरसंग कुडल. सोलापुरातून विजापूर रस्त्यानं मंद्रूप, तिथून पुढं आत; डांबरीनं साधारण चाळीस किलोमीटर. आम्ही मंद्रूपनंतर जमेल तिथं गाडीवाटा धरल्या. दोन दिवस उघडीप होती. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच कांदा, आणि मोठमोठी मोकळी रानं, कुळव मारून ज्वारीसाठी तयार ठेवलेली. जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा सप्टेंबरचा. रब्बीची ज्वारी त्यावरच येते. पेरल्यावर पुढं पाऊस नसतो. काळी माती पोटात जे पाणी धरून ठेवते त्यावर ताट उभं राहतं. जी माती आमच्या चाकाला सोडत नव्हती तिचा हा गुण, हे मला शेतकऱ्याची मुलगी असून गाडीवर उभं राहिल्यावर दिसलं. वरून रान वेगळं दिसतं.

कुडलला सीना भीमेला मिळते. नदी फुगलेली, पाणी मातकट. हरिहरेश्वराच्या मंदिरात 359 मुखं कोरलेलं शिवलिंग आहे, त्यापुढं आम्ही दोघंही बराच वेळ गप्प बसलो. पण मला ओढ होती ती संगमेश्वराच्या मंदिरातल्या शिलालेखाची. शके 940, म्हणजे 1018 साल. मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक. त्याची शेवटची ओळ शाळेपासून पाठ होती: 'वाछि तो विजेया होइवा.' जो वाचेल तो विजयी होईल. चिखलानं भरलेले बूट बाहेर काढून, अनवाणी, दगडाच्या गार फरशीवर उभं राहून मी ती अक्षरं वाचायचा प्रयत्न केला. आमच्या वस्तीपासून दहा-बारा किलोमीटरवर हे आहे आणि आम्ही लहानपणी तिथं फक्त यात्रेला जायचो, खेळणी घ्यायला.

परत निघालो तेव्हा दोन वाजले होते. फाट्यावर उस्ताद थांबले. मला वस्तीवर जायचं होतं, त्यांना गॅरेज उघडायचं होतं. त्यांनी आभाळाकडं बघितलं. "ताई, आत्ता तास-दीड तास पडून गेलाय इथं. वाट बघून जावा, नाहीतर ठेवा इथंच." मी म्हणाले, जाते. तीन महिने ज्यासाठी शिकले ती हीच वाट होती.

सुरुवातीचे पाचशे मीटर छान गेले. उभी होते, नजर पुढं, रेस एकसारखी. मग टायरच्या बटणांमधली जागा बुजली. मग चाक जाड दिसायला लागलं. बेसॉल्टचा खडक झिजून झालेली ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि स्वतःलाच चिकटते. एक थर बसला की त्यावर दुसरा, तिसरा. इथं हातातलं काही कामाचं नव्हतं. रेस दिली तर माती आणखी ओढली जायची, थांबले तर रुतायचं. आणि मग वर सांगितलं ते झालं, चाक गच्च.

काठीनं माती काढली, दहा पावलं ढकलली, पुन्हा गच्च. असं चार वेळा. समोरून अप्पा आले, धोतर गुडघ्याच्या वर, हातात खुरपं. त्यांनी फाट्याकडून येणारा इंजिनचा आवाज ऐकला होता. काही न बोलता ते बसले आणि चेनमधली माती खुरप्याच्या टोकानं काढायला लागले, बैलाच्या खुरातला खडा काढतात तसं. निम्मी काढल्यावर म्हणाले, "पोरी, ही वाट आत्ता कुणाचीच नाही. बैलगाडीचीबी नाही."

मी मागं वळून बघितलं. माझ्या चाकानं पाणंदीत जी नाळ पाडली होती ती सरळ शेजारच्यांच्या रानाच्या कडेला घासत गेली होती. तिच्यात पाणी साचायला लागलं होतं. ते वाळलं की तशीच टणक चाकोरी राहणार, आणि त्यांच्या गाडीचं चाक त्यात जाणार. संध्याकाळी मी आणि अप्पांनी फावड्यानं ती बुजवली. गाडी लिंबाखाली ढकलत नेऊन उभी केली, आणि वस्तीपर्यंत चालत गेलो. आईनं दारातच बादली ठेवली होती.

"वापसा येऊ दे. मग जा," अप्पा जेवताना म्हणाले. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. मी तीन दिवसांची रजा टाकली.

वापसा हा शब्द मी जन्मापासून ऐकला आहे. पेरणी, कुळवणी सगळं त्यावर ठरतं. जमिनीत ओल असावी पण ती हाताला चिकटू नये, अशी अवस्था. सोमवारी अप्पांनी वाटेतली माती मुठीत दाबली, बोटं उघडली तर ती तळव्याला धरून बसली. मंगळवारी दुपारी ऊन चांगलं पडलं. गोळा झाला, खाली टाकला तर चपटा झाला. "अजून नाही." मी त्या दोन दिवसांत चेन रॉकेलनं धुतली, तेल दिलं, एअर फिल्टर काढून वाळवला. आईला दवाखान्यात न्यायची वेळ चिखलात पुन्हा आली तर काय, हा प्रश्न मी अप्पांना विचारला. पाणंदीच्या वळणावरच्या दोनशे मीटरवर मुरूम पडला तर बाकीचं जमण्यासारखं आहे, असं ते म्हणाले. पाणंदीच्या दोन्ही बाजूंच्या सहा घरांशी बोलायचं ठरलं आहे. त्यातल्या चौघांशी मी मंगळवारीच बोलून आले.

बुधवारी सकाळी सातला अप्पांनी माती उचलली. दाबली. गोळा झाला, पण तळहातावर डाग फक्त ओलसर उमटला. कमरेच्या उंचीवरून सोडला, तो जमिनीवर पडून चुरा झाला.

"जा आता," ते म्हणाले.

मी उभी राहिले, दुसरा गियर टाकला. माती चाकाखाली मऊ दबत होती आणि मागं कणाकणानं सुटून पडत होती. वळणावरचे दोनशे मीटर जरा जड, तिथं वजन मागं घेतलं, रेस सोडली नाही. फाट्यावर पोचायला सहा-सात मिनिटं लागली. गाडी बंद केली तेव्हा लांबून बैलांना हाकारल्याचा आवाज आला. अप्पांनी तिफण जुंपली होती.