दोन फिल्म आणि एक लेसर: प्रकाशाच्या पिळावर चालणारा स्विच

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात मी प्रकाशाच्या कक्षीय कोनीय संवेगावर, म्हणजे शलाकेच्या पिळावर, चालून प्रकाश एका वाटेवरून दुसरीवर वळवणारा स्विच हा प्रकल्प घेतला, तेव्हा इंदूरमधील आमच्या प्रयोगशाळेत त्यासाठी वापरतात तो द्रव-स्फटिकी पडदा (ज्यावर प्रकाश वळवणारे चित्र संगणकावरून हवे तसे उमटवता येते) नव्हता आणि तो घेण्याइतका निधीही नव्हता. सरांनी सुचवले की होलोग्राम, म्हणजे प्रकाशाला पीळ देणारे रेषांचे चित्र, संगणकावर आखून छपाईच्या फिल्मवर काढून घ्यावा.

लेस अ‍ॅलन या भौतिकशास्त्रज्ञांनी आणि नेदरलँड्समधील लायडेन येथील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की ज्या शलाकेचे तरंगाग्र (लाटेचा एकाच टप्प्यावर असलेला पृष्ठभाग) गोल जिन्यासारखे पिळलेले असते, तिचा प्रत्येक फोटॉन पिळाच्या अंकाच्या पटीत कोनीय संवेग वाहतो. निरनिराळ्या पिळांच्या शलाका एकाच मार्गाने जाऊनही पुन्हा वेगळ्या करता येतात, म्हणून प्रत्येक पीळ माहितीची स्वतंत्र वाहिनी ठरू शकतो.

माझे चित्र म्हणजे ०.१ मिलिमीटर अंतरावरच्या उभ्या रेषा आणि मधोमध एक रेषा दुभंगून झालेला काटा. छापखान्यातील काकांनी फिल्म हातात देताना ‘अहो, यात मजकूर कुठे आहे?’ असे विचारले. हीलियम-निऑन लेसरचा ६३२.८ नॅनोमीटरचा प्रकाश तिच्यातून पाठवल्यावर दोन मीटरवर, मुख्य ठिपक्यापासून सुमारे १३ मिलिमीटर बाजूला, मध्यभागी काळे असलेले वलय दिसले. मात्र शलाकेचा मध्य काट्यावर नेमका बसेपर्यंत ते वलय एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पुसट राहत होते, आणि प्रकल्पातील बहुतेक वेळ या जुळवणीतच गेला.

त्या वलयाच्या वाटेत तशीच दुसरी फिल्म ठेवल्यावर एका बाजूला पीळ वाढून वलय मोठे झाले, तर दुसऱ्या बाजूला पीळ शून्य होऊन मध्यभागी उजळ ठिपका आला. पहिली फिल्म आरशातील प्रतिमेसारखी डावी-उजवी पालटली, तर काहीच बदलले नाही. काट्याची टोके वरून खाली येतील अशी तिच्याच प्रतलात अर्धा फेरा फिरवली, तेव्हा पिळाची दिशा उलटली आणि उजळ ठिपका दुसऱ्या बाजूला गेला. दोन्ही बाजूंना सूक्ष्म छिद्रामागे फोटोडायोड (प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा घटक) ठेवून आणि लेसर फिरत्या खाचदार चकतीतून सोडून मी हे ऑसिलोस्कोपवर, म्हणजे संकेताचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहिले: चौकोनी तरंग एका वाहिनीवर मावळून दुसरीवर उमटत होता. स्विचला त्या तरंगातील माहिती वाचावी लागत नाही आणि तिच्या वेगाशीही त्याला कर्तव्य नाही. मला तरी या पद्धतीचे खरे बळ यातच वाटते.

किंमत मात्र मोठी आहे. काळ्या-पारदर्शक रेषांची फिल्म एका बाजूच्या शलाकेत जास्तीत जास्त दहा टक्के प्रकाश पाठवते, त्यामुळे दोन फिल्मनंतर फार तर एक टक्का उरतो. प्रकाश न अडवता फक्त त्याची कला (लाटेचा टप्पा) बदलणाऱ्या दोन पातळ्यांच्या जाळीत हे प्रमाण चाळीस टक्क्यांपर्यंत जाते. द्रव-स्फटिकी पडद्यावर काटा हवा तेव्हा बदलता येतो, पण सेकंदाला काही दहा-शंभर वेळाच. सूक्ष्म आरशांची चिप हजारो वेळा बदलते, पण प्रकाश बराच गमावते.

२०१३ मध्ये खास बनवलेल्या १.१ किलोमीटर प्रकाशीय तंतूतून (ऑप्टिकल फायबर) अशा शलाकांनी सेकंदाला १.६ टेराबिट माहिती नेल्याचे प्रसिद्ध झाले होते. नेहमीच्या तंतूत हे पीळ एकमेकांत मिसळतात. म्हणून प्रकल्प-अहवालात मी या स्विचची जागा शहराखालून गेलेल्या जुन्या तंतूंवर न दाखवता डेटा केंद्राच्या आतील थोड्या अंतरांवर दाखवली.